आडवी बाटली आणि फिरती कांडी: संत्र्याच्या सिरक्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वरुड तालुक्यातल्या एका गावातल्या महिला बचत गटाचं हे प्रकरण. गाव कुठलं, गट कुठला, माणसं कोण, हे सांगत नाही. गटात बारा बाया, त्यांतल्या नऊ जणींच्या घरी संत्र्याचा बगीचा. कुणाची दीडशे झाडं, कुणाची सातशे. गटाच्या अध्यक्ष ताई, इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिप्लोमा केलेला त्यांचा भाचा आणि मी, असे तिघे यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहोत. लहान फळप्रक्रिया उद्योगांना तांत्रिक मदत करणं हे माझं काम. यातली सगळ्यात महागात पडलेली चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

संत्र्याचे इकडे दोन बहार. आंबियाची तोडणी ऑक्टोबरपासून, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. व्यापाऱ्याने बगीचा तोडला की मोठं फळ कॅरेटमध्ये जातं आणि लहान फळ, म्हणजे चुरी, बाजूला पडते. चुरीला गिऱ्हाईक मिळालं तर मिळालं, नाहीतर बांधावर ढीग. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ होते ती आणखी वेगळी. ताईंचा प्रश्न एवढाच होता, "एवढं फेकून देतो बाप्पा आपण, याचं काहीच होत नाही काय?"

रस विकायचा विचार पहिल्याच दिवशी बाद झाला. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. त्यातलं लिमोनिन हे कडू द्रव्य सावकाश जागं होतं. कारखान्यांकडे त्यावर यंत्रं असतात, बचत गटाकडे नसतात. मग सिरका ठरला. सिरक्यात कडवटपणा नाहीसा होत नाही, पण आंबटापुढे दबून राहतो.

सिरका म्हणजे एकामागून एक दोन विरजणं. पहिलं यीस्टचं: रसातल्या साखरेचा मद्यार्क होतो. दुसरं ॲसेटिक जीवाणूंचं: हवा मिळाली की ते मद्यार्काचं आम्ल करतात. हिशेब ढोबळ असा की एक ग्रॅम साखरेतून कागदावर अर्धा ग्रॅम मद्यार्क निघतो आणि त्या अर्ध्या ग्रॅममधून साधारण ०.६५ ग्रॅम आम्ल. प्रत्यक्षात गळती बरीच होते. आंबवून केलेला सिरका म्हणून विकायचं तर त्यात किमान ३.७५ टक्के आम्ल असावं लागतं. संत्र्याच्या रसाला दहाच्या आसपास ब्रिक्स असतो, म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम रसात दहा ग्रॅम साखर. तेव्हा हे जमण्यासारखं आहे, पण वाया घालवायला फारसं काही शिल्लक राहत नाही. पहिलं विरजण अर्धवट राहिलं तर दुसरं कितीही चांगलं लागो, आम्ल पुरत नाही.

पहिलं पिंप

पोळ्याच्या आठवड्यात गटाने स्वतःहून पन्नास लिटरचं एक पिंप लावलं. मला नंतर कळलं. फळ गळीचं घेतलं होतं, आणि तिथेच पहिला निर्णय चुकला. गळलेलं फळ बहुतेक वेळा बुरशीने, फळमाशीने किंवा रस शोषणाऱ्या पतंगाने आधीच पोखरलेलं असतं. ते गोळा करून खड्ड्यात पुरायचं असतं, खाण्याच्या वस्तूत घालायचं नसतं. सिरका आंबट आहे म्हणून त्यात सगळं चालतं, हा समज मी गावोगाव ऐकतो. बुरशीने फळात सोडलेलं विष आंबटपणाने निघून जात नाही.

दुसरी गोष्ट, फळं सालीसकट रस काढायच्या घाणीवर पिळली होती. संत्र्याच्या सालीतलं तेल यीस्टला मानवत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटाने निघते, बाराजणी बसल्या तर दुपारभरात पिंपाचं काम होतं; पण घाणी नवी होती आणि ती चालवून बघायचा मोह कुणाला आवरला नाही.

तिसरी गोष्ट यीस्ट. बाजाराच्या गावातल्या बेकरी दुकानातून आणलेलं, पाकीट आधीच फोडलेलं, दुकानाला टिनाचं छत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो; त्या टिनाखाली सगळा उन्हाळा काढलेलं ते यीस्ट होतं.

तीन दिवस पिंपात काहीच हललं नाही. चौथ्या दिवशी वर पांढरी, सुरकुतलेली साय आली. ताई म्हणाल्या, दुधावरची साय पाहून आनंद होतो, ही पाहून पोटात ढवळलं. पिंप शेणखताच्या खड्ड्यात ओतलं.

काय करता येईल

मला फोन आला तेव्हा समोर तीन-चार वाटा होत्या. बेकरीचं ताजं, बंद पाकीट आणायचं. किंवा वाइनसाठीचं कोरडं यीस्ट मागवायचं. ते ५ ग्रॅमच्या पुड्यांत येतं आणि शंभर लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला दहा पुड्या. बायांच्या हिशेबात ते बसेना. तिसरी वाट म्हणजे एक-दोन पुड्या आणून यीस्ट घरीच वाढवायचं. चौथी, यीस्ट टाकायचंच नाही, फळावर असतं तेवढ्यावर भागवायचं. ती पहिल्या पिंपाने निकालात काढली होती.

तिसऱ्या वाटेवर भाच्याने उडी घेतली. त्याचा एक मित्र पुण्यात बिअर बनवणाऱ्या छोट्या परवानाधारक ठिकाणी काम करतो. त्याने सांगितलं, परदेशात घरी बिअर करणारे लोक यीस्ट वाढवायला चुंबकाची फिरती चकती वापरतात. काचेच्या भांड्यात पातळ गोड द्रव, त्यात यीस्ट, तळाशी एक छोटी चुंबकाची कांडी. खाली पंख्यावर चुंबक चिकटवायचे आणि पंखा फिरला की कांडी फिरते. दिवसभर द्रव ढवळत राहतो.

ढवळण्याने होतं काय? यीस्ट तळाशी बसत नाही, त्यामुळे प्रत्येक पेशीला खायला मिळतं. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आणि वर घट्ट बूच न लावता नुसतं फॉइल सैल झाकलं तर हवा आत येत राहते. पेशीचं आवरण बांधायला लागणारे स्निग्ध घटक तयार करण्यासाठी यीस्टला प्राणवायू लागतो. ते मिळाले की पेशी फुटून फुटून वाढतात. न ढवळलेल्या विरजणापेक्षा ढवळलेल्यात पेशी कितीतरी जास्त होतात, यात वाद नाही.

मी "करून बघ" म्हणालो. त्या वेळी एक गोष्ट विचारायला हवी होती, ती विचारली नाही: वाढवणार आहेस ते यीस्ट कुठलं? कोरड्या यीस्टच्या पेशी कारखान्यातून निघतानाच हे स्निग्ध घटक भरून घेऊन येतात. ताज्या पुडीला फक्त कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं असतं. फिरती चकती खरी उपयोगी पडते ती द्रव यीस्टला, जुन्या साठ्याला किंवा आधीच्या पिंपाच्या तळातून काढलेल्या गाळाला. पण पुड्यांचे पैसे वाचवायचे होते, पोरगं हुशार होतं आणि मलाही ते यंत्र बघायचं होतं. खरं कारण तेच.

चकती

चुंबकाने कांडी फिरवायची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत आर्थर रोझिंगर यांना तिचं पेटंट १९४४ मध्ये मिळालं. प्रयोगशाळेतलं तयार यंत्र काही हजारांत येतं. भाच्याने अमरावतीच्या भंगारवाल्याकडून जुन्या संगणकाचा ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आणि एक मेलेली हार्ड डिस्क आणली. हार्ड डिस्कमधून दोन निओडिमियम चुंबक काढले, एकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण, आणि पंख्याच्या मध्यावर समोरासमोर चिकटवले. वेग कमी-जास्त करायला एलएम-३१७ ही तीन पायांची चिप आणि एक पोटेन्शियोमीटर. वीज जुन्या राउटरच्या ॲडॉप्टरमधून.

पहिला डबा फसला. त्याने पंखा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. दिसायला झकास, पण पत्रा लोखंडी. चुंबकाची सगळी ओढ झाकणानेच खाल्ली आणि पंखा वर खेचला जाऊन झाकणाला घासायला लागला. घरभर कर्रर्र आवाज. "काऊन रे, काय दळून राह्यला?" असं आजीने ओट्यावरून विचारलं. मग प्लास्टिकचा डबा आला, वर ३ मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा तुकडा.

दुसरी फजिती भांड्याची. लोणच्याची काचेची बरणी घेतली. तिचा तळ मधोमध फुगलेला. कांडी त्या उंचवट्यावरून घसरून कडेला जायची आणि तिथे टकटक करत बसायची. सपाट तळाचं शंकूपात्रच लागलं, तेही उकळतं सोसणाऱ्या काचेचं. कांडी त्याने खिळ्याचा तुकडा प्लास्टिकच्या नळीत घालून, टोकं मेणबत्तीवर वितळवून केली होती. दोन उकळ्यांत नळीला चीर गेली आणि पाणी गंजाने तांबूस झालं. टेफ्लॉनचं आवरण असलेली २५ मिलिमीटरची कांडी विकत आणली. सगळ्या जुगाडात विकत घेतल्याशिवाय गत्यंतर नाही अशा वस्तू दोनच: ही कांडी आणि ते पात्र. जे अन्नाला लागतं तिथे जुगाड नको.

बारीकसारीक गोष्टी हात लावल्यावर कळत गेल्या. व्होल्टेज फार कमी केलं तर पंखा जागचा हलत नाही, म्हणून आधी जोरात सुरू करून मग खाली आणायचा. एकदम वेग वाढवला तर कांडी चुंबकाची पकड सोडून उडते. मग चकती बंद करून पुन्हा मध्यावर आणावी लागते. द्रवात मोठा भोवरा व्हायची गरज नाही, पृष्ठभागाला खळगा पडला की पुरे. आणि पंख्याची मोटर तापते, वरचं पात्र खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम राहतं. पुण्यात त्याने काही बिघडत नसेल. आमच्याकडे खोलीच ३२ वर असते.

वीज गेली की काय, हा प्रश्न विदर्भात वेगळा विचारावा लागत नाही. राउटरला लावतात तो १२ व्होल्टचा छोटा बॅकअप चकतीला जसाच्या तसा लागला. रात्रभर गावात अंधार आणि त्या खोलीत एक कांडी फिरतेय, असं दोनदा झालं.

खायला काय घालायचं यावर एक निर्णय मात्र वेळेवर झाला. संत्र्याच्या रसात नत्र कमी पडतं, यीस्टला ते हवं असतं, आणि बिअरवाले त्यासाठी डायअमोनियम फॉस्फेट वापरतात हे भाच्याने ऐकलं होतं. "मावशी, डीएपी तर आपल्या घरीच हाय!" वावरातली खताची थैली त्याच्या डोळ्यांपुढे होती. खताचं डीएपी खाण्याच्या दर्जाचं नसतं, त्यात काय काय अशुद्धी असतील याची हमी कुणी देत नाही. ते फोनवरच थांबवलं. त्याऐवजी बेकरीचं जुनं, मेलेलं यीस्ट चमचाभर घेऊन रसात दहा मिनिटं उकळवलं. मेलेल्या पेशीच जिवंत पेशींचं खत होतात. आधीच्या फसलेल्या पाकिटाचा असा उपयोग झाला.

दुसरं पिंप

दसऱ्याच्या सुमारास चुरी आली. साली हाताने काढल्या. एका पुडीचं विरजण आधी अर्ध्या लिटरात, मग दोन लिटरात वाढवलं. दुसऱ्या दिवशी पात्रातला द्रव गढूळ ताकासारखा दिसत होता. फ्रिजमध्ये ठेवल्यावर खाली बोटभर जाडीचा सायीच्या रंगाचा थर बसला. वरचं पाणी ओतून दिलं, कारण हवा मिळत असली तरी गोड द्रवात यीस्ट थोडा मद्यार्क करतंच आणि त्या पाण्याची चव कुणालाच नको असते. थर तेवढा २०० लिटरच्या पिंपात गेला.

दहा तासांत पिंप बोलायला लागलं. ताई कान लावून ऐकत होत्या. एवढं जोरदार विरजण मीही खेड्यात कमीच पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी नेलपॉलिशसारखा वास आला. पिंपात थर्मामीटर घातला तर ३८. साखर आंबते तेव्हा उष्णता निघते. ती बाहेर गेलीच नाही तर दर एका ब्रिक्समागे तापमान सव्वा अंशाच्या आसपास चढतं. दहा ब्रिक्सच्या रसात ते किती होईल हे तोंडी करता येतं. लहान भांड्यात उष्णता काठाने निघून जाते, २०० लिटरच्या पोटात कोंडून राहते. ओलं पोतं गुंडाळलं होतं, पण परतीच्या पावसाने हवा दमट होती आणि पोतं वाळतच नव्हतं. जे वाळत नाही ते थंडही करत नाही. ते पिंप वाया गेलं.

म्हणजे चकतीने आपलं काम चोख केलं आणि त्यानेच नुकसान वाढलं. पेशी कमी असत्या तर पिंप सावकाश तापलं असतं. अडचण यीस्टची संख्या ही एकच धरून आम्ही चाललो होतो, आणि उष्णतेचा विचार कुणीही, मीसुद्धा, केला नव्हता.

"बचत गटवाल्याच हातभट्टी लावून राहिल्या"

याच आठवड्यात गावात बोलणं सुरू झालं. त्याला इतिहास आहे. याच गटातल्या बायांनी काही वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घडवून आणलं होतं. उभी बाटली की आडवी बाटली, आणि आडवी जिंकली. आता त्यांच्याच खोलीतून आंबल्याचा वास, रात्री निळा दिवा, काचेचं पात्र, फेस. ज्यांचं दुकान गेलं होतं त्यांना आणखी काय हवं? पोलीस पाटील घरी येऊन बसले. चहा प्यायले, पात्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, मले समजते, पण लोकायले कोन समजावीन?"

पाटील चुकीचं बोलत नव्हते. अमेरिकेत १९७८ च्या एका कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक दिली. फिरत्या चकतीसारखी खटपट तिथे घराघरांत पोचली ती त्यानंतर. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर संपूर्ण दारूबंदी. आमचा हेतू सिरक्याचा असला तरी मधल्या टप्प्यात पिंपात चार-पाच टक्के मद्यार्क असतो, आणि पिंप हेतू बोलून दाखवत नाही.

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तो पाटील आल्यावर विचारला गेला. गटाची बैठक तीन तास चालली. दोघी म्हणाल्या, आपलं नाव खराब होते, बंद करा. एक म्हणाली, गुपचूप करू, दुसऱ्या गावी. ताईंनी तिसरंच ठरवलं: काम थांबवायचं, संबंधित कार्यालयाला लेखी विचारायचं, उत्तर येईपर्यंत एकही पिंप भरायचं नाही, आणि ग्रामसभेत जाऊन काय करतोय ते स्वतः सांगायचं. ग्रामसभेत भाच्याने चकती फिरवून दाखवली. नुसतं पाणी होतं पात्रात. लेकरांनी गर्दी केली, एकाने आपली गोटी आत टाकून पाहिली.

उत्तराला अडीच महिने लागले. आंबियाची चुरी गेली. प्रक्रियेचा आराखडा, नोंदवही, मधल्या टप्प्यातला द्रव खोलीबाहेर न नेणं, अशा अटींवर काम करायला हरकत नसल्याचं कळवलं. या अटी या गटापुरत्या आहेत. दुसऱ्या कुणी त्यावर विसंबून पिंप लावू नये, आपल्या जिल्ह्यात स्वतः विचारावं. आम्ही आपल्याकडून एक जोड दिली. पहिलं विरजण संपलं की त्याच दिवशी पिंपात एक चतुर्थांश तयार सिरका ओतायचा. त्याने दुसऱ्या विरजणाला सुरुवात मिळते, नको असलेले जंतू दबतात, आणि तो द्रव कुणी पिऊ म्हटलं तरी पिववत नाही. पाटलांना ही तिसरी गोष्ट फार आवडली.

तिसरी खेप आणि चारचा आकडा

फेब्रुवारीत मृगाची चुरी आली. या वेळी ५० लिटरची चार पिंपं, आणि ती ढोरांच्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदात उभी केली. विहिरीचं पाणी दुपारीही गार. वरुड भागात भूजल आधीच फार उपसलं गेलंय, म्हणून हौदाचं पाणी सायंकाळी ठिबकच्या टाकीत सोडायचं आणि ताजं भरायचं, असं बसवलं. पिंपं २८ च्या वर गेली नाहीत.

सहाव्या दिवशी भाच्याचा फोन. "भाऊ, अडकलं. ब्रिक्स साडेचारवर थांबला, दोन दिवसांपासून हलत नाही."

मी विचारलं, तापमान? ठीक. वास? चांगला. फेस? बसला. आणि मी म्हणालो, "यीस्ट थकलं असेल, नवं विरजण करून टाक."

त्याने चकती लावली, दोन दिवसांनी चारही पिंपांत ताजं विरजण टाकलं. आकडा साडेचार. पुन्हा एक विरजण, या वेळी मोठं. साडेचार. तोवर झाकणं इतक्यांदा उघडली गेली होती की खोलीत चिलटांचे ढग होते. नऊ दिवस गेले. मग मी स्वतः गेलो. त्याने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, बगीच्यात फळाची गोडी बघायला वापरतात तोच. तो हातात पाहिला आणि माझ्या लक्षात आलं.

रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही, प्रकाश किती वळतो ते मोजतो. रसात फक्त साखर असते तोवर दोन्ही एकच. मद्यार्क झाला की तोही प्रकाश वळवतो आणि आकडा फुगतो. दहा ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तरी हे यंत्र चारच्या आसपास दाखवत राहतं. संत्र्यातली आम्लं त्यात आणखी थोडी भर घालतात. साडेचार म्हणजे अडकलं नव्हतं. संपलं होतं. बहुधा सहाव्या दिवशीच.

गाडीत हायड्रोमीटर होता, द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड ते दाखवणारा; साध्या पाण्यात तो १ दाखवतो. उंच ग्लासात द्रव भरून सोडला तो तरंगून ०.९९८ वर थांबला, पाण्यापेक्षाही हलका. पोरगं काही बोललं नाही. मीही. ताई म्हणाल्या, "म्हंजे ते झालंच होतं, आन् आपन त्याच्या तोंडात घास कोंबून राह्यलो होतो."

फोनवर मी एक प्रश्न विचारला असता, कशाने मोजतोयस, तर नऊ दिवस वाचले असते. घरी उत्तम यीस्ट वाढवायची सोय झाली की प्रत्येक दुखण्यावर यीस्टच सुचतं. चकती नसती तर त्या पोराने नवी पुडी मागवायच्या खर्चाने आधी दोनदा विचार केला असता, कदाचित दुसऱ्या कुणाला विचारलं असतं.

निकाल

जूनमध्ये नमुने एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासले. पहिल्या दोन पिंपांत आम्ल ४.१ आणि ४.०. तिसऱ्यात ३.८, म्हणजे काठावर पास. चौथ्यात ३.४. चौथ्याचा रस अवकाळी पावसानंतर तोडलेल्या चुरीचा होता, सुरुवातीलाच आठ ब्रिक्स, आणि त्यात साखर घालून तो दहावर आणायला हवा होता हे नोंदवहीत दिसत असूनही कुणी पाहिलं नाही. चिलटांनी आणखी काय केलं ते सांगता येत नाही. पहिली तीन पिंपं गाळून, बाटल्यांत भरून गटाने विकायला काढली. चौथं विकलं नाही. ते पुढच्या खेपेला ओतण्याचा सिरका म्हणून ठेवलं आहे, आणि त्यासाठी ते पुरेसं आंबट आहे.

सालीचा ढीग हा नवा प्रश्न झाला आहे. गाई तोंड लावत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा झाला. परवानगी, तापमान, मोजमाप, यीस्ट असा तो असायला हवा होता. आम्ही यीस्टपासून निघून मागे मागे आलो. त्यातही थर्मामीटर आणि हायड्रोमीटर या दोन वस्तूंची किंमत मिळून चकतीच्या सामानाएवढीच होती, आणि त्या आधी आल्या असत्या तर दुसरं पिंपही वाचलं असतं. ५० लिटरच्या पिंपाला अडीच-तीन ताज्या पुड्या भिजवून टाकणं हे आजही मी सगळ्यात सुरक्षित समजतो. दोन टप्प्यांत वाढवताना प्रत्येक टप्प्यावर बाहेरचा जंतू शिरायची संधी असते, आणि शिरला तर चकती त्यालाही तितक्याच प्रेमाने वाढवते.

भाच्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, एका खेपेच्या तळाचा गाळ फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या बहाराला चकतीवर जागा केला तर पुड्याच लागणार नाहीत. गाळ आठ-दहा महिने टिकेल असं मला वाटत नाही. पण मी चकती मोडीत काढा असं म्हणत नाही, कारण तिला एक काम सापडलं आहे. नवी पुडी कुरिअरने किंवा एसटीच्या पार्सलने उन्हातान्हातून आली की त्यातलं चिमूटभर यीस्ट गोड पाण्यात टाकून भाचा चकती लावतो. रात्रीतून पाणी गढुळलं तर पुडी जिवंत. नाही गढुळलं तर ती पिंपात जात नाही, उकळून पुढच्या विरजणाचं खत होते. मे महिन्यात आलेल्या चार पुड्यांपैकी एक अशी बाद झाली.

आजीने मध्यंतरी त्यावर ताक घुसळायला लावून पाहिलं. दह्यात कांडी जागची हलली नाही.